मजकूर सोपा आहे की नाही, कसं मोजाल?

मजकूर किती सोपा हे मोजणारं रुडॉल्फ फ्लेश यांचं १९४८ चं सूत्र मराठीला लावू नका. ते इंग्रजीसाठी बांधलेलं आहे: २०६.८३५ मधून वाक्यातल्या सरासरी शब्दांची १.०१५ पट आणि शब्दातल्या सरासरी अक्षरांची (उच्चारातल्या, म्हणजे सिलॅबलची) ८४.६ पट वजा करायची. उत्तर साधारण ० ते १०० मध्ये येतं; जितकं जास्त, तितका मजकूर सोपा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘महानगरपालिकेकडून’ हा एकच शब्द. सरासरी ३ अक्षरं धरली तरी वाक्याची लांबी वजा करण्याआधीच उत्तर उणे ४७ येतं. म्हणजे बालगीतही नापास!

त्यापेक्षा वाक्यातले शब्द मोजा. सोसायटीची ही नोटीस बघा:

‘टाकीच्या साफसफाईचे काम हाती घेण्यात येणार असल्याने रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ या कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून सभासदांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवावा.’

एक वाक्य, २६ शब्द, आणि कामाची गोष्ट मध्येच अडकलेली. आता:

‘रविवारी सकाळी ९ ते दुपारी २ पाणी येणार नाही. टाकी धुवायची आहे. शनिवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.’

तीन वाक्यं, १७ शब्द. ‘असल्याने’, ‘असून’ दिसलं की तिथे वाक्य तुटतं का बघा. ‘घेण्यात येणार’ दिसलं की कोण घेणार ते विचारा. पण ‘म्हणून’, ‘नाहीतर’ कापू नका. शब्दांची सरासरी उतरते, पण ‘का’ ते हरवतं. संगणकाकडून मोजणार असाल तर ‘डॉ.’, ‘रु.’ यांचे टिंब आधी काढा, नाहीतर तो तिथेच वाक्य संपवतो.

खरी परीक्षा मात्र वाचकाकडूनच. विल्सन टेलर यांची १९५३ ची रिकाम्या जागांची पद्धत अजून उपयोगी आहे. पहिलं वाक्य तसंच ठेवा. पुढच्या २५० शब्दांतला दर पाचवा शब्द काढा. ५० जागा होतात. सगळ्या रेघा सारख्याच लांबीच्या हव्यात, नाहीतर लांबीवरून शब्द ओळखता येतो. ज्यांच्यासाठी लिहिलंय अशाच पाच-सहा जणांना भरायला द्या. शुद्धलेखनाची चूक चालते. समानार्थी शब्द चालत नाही, कारण तिथून पुढे तपासणाऱ्याची मर्जी सुरू होते. ‘टाकीत’च्या जागी ‘टाकीमध्ये’सुद्धा चूकच धरा. त्यामुळे मराठीत गुण कमी पडतात, म्हणून इंग्रजीतले उत्तीर्णतेचे टक्के इथे आणू नका. जुना आणि नवा मसुदा यांची तुलना करा, आणि दोन्हींसाठी माणसं वेगळी घ्या. एकदा वाचलेल्याला उत्तरं आठवतात.