स्कोपी (एंडोस्कोपी) नॉर्मल आली म्हणून पेशंट सोडू नका (स्युडोॲन्युरिझम, नवीन रेसिडेंट्ससाठी)

मिरज-सांगलीत सर्जरीला किंवा रेडिओलॉजीला नवीन आला असाल तर हा पेशंट तुम्हाला भेटणारच. जतकडचा किंवा तासगावकडचा, दारूचा पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज), आधी दोन-तीनदा ॲडमिट होऊन गेलेला, आता पोटात दुखतंय आणि संडास काळी होतेय. हिमोग्लोबिन पडलेलं, स्कोपीत काहीच नाही. रक्त चढवलं की गडी उठून चहा मागतो आणि घरचे मागं लागतात, "थांबलंय की आता रक्त, सोडा की डॉक्टर, द्राक्षाची खरड छाटणी तोंडावर आलीय."

इथंच फसायला होतं. मीही या वळणावरून गेलोय, अजून काळी संडास असं ऐकलं की पोटात गोळा येतो.

नीट समजून घ्या. स्युडोॲन्युरिझम म्हणजे पॅन्क्रियाटायटिसनं खराब झालेल्या धमनीतून बाहेर आलेला रक्ताचा फुगा. त्याला धमनीची पूर्ण भिंत नसते, आजूबाजूच्या टिश्यूनं कसंबसं धरलेलं असतं. ते पॅन्क्रियाटिक डक्टमध्ये (स्वादुपिंडाच्या नळीत) फुटलं की थोडं रक्त येतं, डक्टमध्ये गुठळी अडकते, दुखणं वाढत जातं, गुठळी सुटली की दुखणं कमी आणि संडास काळी, मग परत शांत. म्हणजे थांबलेलं रक्त हा बरं झाल्याचा पुरावा नाही, तो पुढच्या मोठ्या ब्लीडचा इशारा असू शकतो. आणि साध्या पुढं बघणाऱ्या स्कोपला पॅपिला (ही डक्ट आतड्यात उघडते ते तोंड) नीट दिसत नाही, दिसला तरी त्या क्षणी रक्त येत असेलच असं नाही. साइड व्ह्यूइंग स्कोप मागा, पण त्याच्यासाठी सीटी अँजिओ (धमन्या दाखवणारा सीटी) लांबवू नका. पॅन्क्रियाटायटिस अधिक ब्लीड म्हणजे सीटी अँजिओ, बास.

सीटीत प्लेन (कॉन्ट्रास्टशिवाय), आर्टेरियल (कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना) आणि व्हीनस (तो शिरांत आल्यावर) तिन्ही फेज घ्या, पांढरा ओरल कॉन्ट्रास्ट पाजू नका, सगळं झाकलं जातं. नुसत्या व्हीनस फेजवर "स्युडोसिस्ट" (स्वादुपिंडाजवळची पाण्याची गाठ) असा रिपोर्ट येतो आणि कुणीतरी त्यात ड्रेन घालायला निघतं. आधी आत फ्लो नाही ना बघा, डॉप्लरवर यिन-यांग (आत गोल फिरणाऱ्या रक्ताचा अर्धा लाल, अर्धा निळा रंग) दिसलं तर हात मागं घ्या. साइज लहान आहे म्हणून थांबू पण नका, लहानही फुटतं.

घाबरू नका, बहुतेक वेळा कॉइलनं (कॅथेटरमधून टाकून धमनी आतून बंद करणारी बारीक तार) काम होतं. फक्त गॅस्ट्रोड्युओडेनल आर्टरीला मागचं दार असतं: सिलियाक आर्टरीकडून बंद केलं तरी एसएमएकडून (सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी) पॅन्क्रियाटिकोड्युओडेनल आर्केडमधून (या दोन्हींना जोडणाऱ्या धमन्यांच्या कमानीतून) रक्त येत राहतं. म्हणून नेकच्या (फुगा धमनीला जोडलेला असतो त्या तोंडाच्या) पलीकडे आधी कॉइल, मग अलीकडे, आणि शेवटी एसएमएचा रन (त्यात कॉन्ट्रास्ट सोडून काढलेली अँजिओची चित्रं) घेतल्याशिवाय कॅथेटर काढायचा नाही. सॅकमध्ये, म्हणजे फुग्याच्या आत, कॉइल कोंबायचा मोह नको, भिंत कच्ची आहे. हिपॅटिक आर्टरी (लिव्हरची धमनी) बंद करायच्या आधी पोर्टल व्हेन (लिव्हरला रक्त नेणारी शीर) चालू आहे का बघा.

हे सगळं रील्सवर शिकता येत नाही, सॉरी. राउंडला व्हायवा घेणाऱ्या सरांपेक्षा मला रात्रपाळीच्या सीटी टेक्निशियननं जास्त शिकवलं, त्यांच्याशी नीट बोला, बोलस ट्रॅकिंग (कॉन्ट्रास्ट धमनीत पोचताच स्कॅन सुरू करणं) कधी चुकतं ते त्यांनाच कळतं.

सरकारी आरोग्य योजनेचा पेशंट असेल तर आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा माणूस) सीटीच्या वेळीच सांगून ठेवा. स्प्लेनिक आर्टरी (प्लीहेची धमनी) बंद केल्यावर ताप आणि डाव्या बाजूला दुखणं येऊ शकतं, घरच्यांना आधीच कल्पना द्या, इन्फार्क्टमुळे (रक्त न मिळाल्यानं प्लीहेचा भाग मरतो) होतं, बऱ्याचदा आपोआप ओसरतं. ताप उतरेचना किंवा काउंट (पांढऱ्या पेशींचा) चढत राहिला तर परत सीटी, ॲब्सेस (पू) असू शकतो. आणि काळी संडास परत सुरू झाली तर थेट अँजिओच्या टीमला फोन, रात्रीचे तीन वाजलेले असले तरी.