ग्रामीण रुग्णालयात रुजू होताय? आधी वॉर्ड बघा

नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर पगार नि क्वार्टरचं विचारतात. ते विचारावंच. पण विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयांत बरीच वर्षं काढल्यावर मी सांगेन, आधी इन्चार्ज सिस्टर कशी आहे त्याची चौकशी करा. कामात मन लागणं बरंचसं तिच्यावर असतं.

'सेवाभाव हवा' हे आपल्याला कॉलेजपासून ऐकवलं जातं. नेदरलँड्सचे संशोधक विल्मार शॉफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये कामात रमण्याची तीन लक्षणं मांडली: उत्साह, समर्पण आणि तल्लीनता. पुढच्या अभ्यासांतून दिसलं ते असं, की ही लक्षणं नुसत्या स्वभावावर नाही, तर माणसाला मिळणाऱ्या आधारावरही टिकतात. शिकायला मिळणं, निर्णयात वाटा असणं, वरिष्ठांची साथ, हा तो आधार. मला हे शंभर टक्के पटतं.

पेरणीच्या दिवसांत रात्री सर्पदंशाचा पेशंट येतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं अजिबात हलवायचं नाही, मग नळी तिरपी करून रक्त गोठलं का ते बघायचं. प्लास्टिकची नळी चालत नाही, कारण काचेच्या स्पर्शानेच रक्त गोठायला लागतं. साबणाचा अंश राहिला तरी निकाल फसतो. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरसे चावल्याची दाट शंका. माझ्या पहिल्या इन्चार्ज बाईंनी हे सगळं समजावलं आणि म्हणाल्या, "तूच बघ, डॉक्टरांना फोनही तूच कर." डॉक्टरांनी माझ्या शब्दावर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, सुरू करायला सांगितलं. त्या रात्री झोप आठवलीसुद्धा नाही.

उलटही पाहिलंय. साधारण वॉर्डात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. एका ठिकाणी नाईटला वॉर्ड आणि लेबर रूम मिळून मी एकटी, वरून रजिस्टरं आणि ऑनलाइन एन्ट्री. आत बाई कळा देतेय आणि बाहेर सलाईन संपलं म्हणून नातेवाईक ओरडतायत, अशा वेळी कसली तल्लीनता? कंत्राटी मुलींचे हाल तर आणखी. काम तेच, पगार कमी, नूतनीकरणाची टांगती तलवार. त्या कामात कमी पडतात असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

मेळघाटात पोस्टिंग मिळालं तर कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, चार वाक्यं तरी शिका. आयाबाई शिकवतात. दुखतंय कुठे हे पेशंट थेट तुम्हाला सांगायला लागला की कामाची गोडी लागतेच.

ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या ड्युटीवाल्या सिस्टरकडून पेशंटची माहिती घेताना, घाई करू नका, खाटेजवळ उभं राहूनच घ्या. आणि ड्युटीची यादी कोण लावतं, अडचण आली तर बदलून मिळते का, संध्याकाळची ड्युटी संपल्यावर शेवटची एसटी मिळते का, हे रुजू होण्याआधी तिथल्याच एखाद्या सिस्टरला विचारून घ्या.