ओव्हरक्लॉक केलेला पीसी सारखा बंद पडतोय? व्होल्टेज वाढवण्याआधी या चुका टाळा

ओव्हरक्लॉक केल्यावर, म्हणजे प्रोसेसर किंवा रॅम कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवल्यावर, पीसी हँग झाला की बहुतेक जण एकच उपाय करतात: बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जायचं आणि व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरच्या कोअरचं व्होल्टेज, थोडं वाढवायचं. कधी कधी त्याने काम भागतं, म्हणून तीच सवय लागते. पण लोडवरच्या प्रोसेसरची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२५ व्होल्टवरून १.३५ वर गेलात, तर क्लॉक (प्रोसेसरचा वेग) तोच असूनही जवळपास १७ टक्के जास्त उष्णता तयार होते. तापलेल्या चिपला तोच क्लॉक टिकवायला पुन्हा जास्त व्होल्टेज लागतं. आणि दोष मुळात रॅममध्ये असेल, तर एवढं सगळं करून तो जागच्या जागीच राहतो.

म्हणून आधी एवढंच पाहा, की पीसी नेमका कधी पडतो. पूर्ण लोडवर, की नुसता डेस्कटॉप उघडा असताना? निळा स्क्रीन येतो, की वीज गेल्यासारखा झटकन बंद होतो? माझ्या मते अर्धं निदान या उत्तरातच होतं.

एक्सएमपी चालू ठेवून प्रोसेसर तपासणे

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमला तिच्या जाहिरातीतल्या वेगावर नेणारं बायोसमधलं एका क्लिकचं सेटिंग असल्यामुळे ते ओव्हरक्लॉकिंग आहे असं वाटतच नाही. पण डीडीआर५ रॅम ६००० एमटी/सेकंदावर चालवता तेव्हा प्रोसेसरच्या आतला, रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलरही बहुतेक वेळा त्याच्या अधिकृत मर्यादेपलीकडे पळत असतो. त्यात चार स्टिक लावल्या असतील तर काम आणखी अवघड. रायझन ७००० मालिकेत चार स्टिक लावल्यावर एएमडीने अधिकृत हमी दिलेला वेग फक्त ३६०० आहे.

रॅमचा दोष ओळखू येतो तो त्याच्या बहुरूपीपणामुळे. आज एक निळा स्क्रीन, उद्या वेगळ्याच नावाचा. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइल खराब असल्याचा संदेश), ब्राउझरचे टॅब आपोआप बंद, नुकताच इन्स्टॉल केलेला गेम करप्ट. असं असेल तर प्रोसेसर स्टॉकवर, म्हणजे कंपनीच्या मूळ सेटिंगवर आणा, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा आणि त्याचे सगळे पास (फेऱ्या) पूर्ण होऊ द्या. एक जरी एरर आला तरी ती रॅम सेटिंग नापास. 'एकच तर आहे' म्हणून सोडून देऊ नका, कारण असे चुकलेले बिट तुमच्या फोटोंमध्ये आणि विंडोजच्या फाइल्समध्ये लिहिले जातात. रॅम पक्की झाल्याशिवाय प्रोसेसरच्या क्लॉकला हात लावू नये, या बाबतीत मी ठाम आहे.

एएम५ (रायझन ७००० पासूनचं एएमडीचं सॉकेट) बोर्डवाल्यांसाठी आणखी एक. एक्सपो बदलल्यावर पहिल्या बूटला रॅम ट्रेनिंग चालतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो, आणि स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड गेला असं समजून मध्येच स्विच बंद करू नका.

प्राइम९५ रात्रभर चाललं, म्हणजे झालं

प्राइम९५ सारखी पूर्ण लोडची चाचणी फक्त पूर्ण लोडबद्दल सांगते. सगळे कोअर राबत असताना बूस्ट क्लॉक (चिप आपोआप गाठते तो वरचा वेग) खाली असतो. एकच कोअर काम करत असताना तो सर्वात वर जातो, आणि व्होल्टेज कमी पडतं ते तिथे. रायझनवर पीबीओ (बूस्टच्या मर्यादा वाढवणारं सेटिंग) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रत्येक कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) वापरणाऱ्यांना हा अनुभव हटकून येतो: सिनेबेंच ही वेगाची चाचणी झकास, प्राइम९५ झकास, आणि रात्री डाउनलोड लावून झोपलात तर सकाळी पीसी रिस्टार्ट झालेला.

समजा रायझन ७ ५८००एक्स आहे आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना सरसकट उणे ३० दिलंय (आकडा जितका उणे, तितकं व्होल्टेज कमी). विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सिस्टम लॉगमध्ये व्हीया-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) शोधा. इव्हेंट १८ असेल तर तिथे 'कॅश हायरार्की एरर' आणि त्याखाली प्रोसेसरचा एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) दिसतो. या आठ कोअरच्या चिपमध्ये प्रत्येक कोअरला दोन थ्रेड, म्हणून आयडी ० आणि १ म्हणजे कोअर ०, २ आणि ३ म्हणजे कोअर १. आयडी ६ किंवा ७ दिसला तर दोषी कोअर ३. आता सगळ्यांचं उणे ३० काढायची गरज नाही. फक्त कोअर ३ ला उणे २० वर आणा आणि कोअरसायकलर हा प्रोग्राम चालवा. तो एकेका कोअरवर आळीपाळीने लोड टाकतो, त्यामुळे दुबळा कोअर लवकर उघडा पडतो. बहुतेक वेळा हे दुबळे कोअर म्हणजे चिपमधले सर्वोत्तम ठरवलेले कोअरच असतात. ते आधीच सर्वात वरच्या क्लॉकला आणि कमी व्होल्टेजवर नेमलेले असल्यामुळे त्यांच्यात कापायला जागाच उरलेली नसते.

इव्हेंट १९ हा दुरुस्त झालेला एरर. पीसी पडत नाही, म्हणून लोक तो बघतही नाहीत. तोही इशाराच समजा.

रायझनची आणखी एक खोड आहे. व्होल्टेज कमी पडलं तर तो लगेच पडेलच असं नाही. क्लॉक स्ट्रेचिंग करून, म्हणजे खरा वेग गुपचूप कमी करून, तग धरतो. मॉनिटरवर ४.८ गिगाहर्ट्झ दिसतात आणि सिनेबेंचचा स्कोअर मात्र स्टॉकपेक्षा कमी येतो. प्रत्येक बदलानंतर स्कोअर लिहून ठेवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मॉनिटरिंग प्रोग्राममध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक' पाहा, बाकीच्या आकड्यावर जाऊ नका.

लोड-लाइन कॅलिब्रेशन थेट शेवटच्या पायरीवर

लोड आला की व्होल्टेज थोडं खाली येतं. तो बिघाड नव्हे, तशीच रचना केलेली असते. लोड-लाइन कॅलिब्रेशन (एलएलसी) हे बायोसमधलं सेटिंग ही घसरण कमी करतं. पण ते सर्वात कडक पायरीवर ठेवलं, की लोड अचानक सुटताना व्होल्टेज क्षणभर ठरवलेल्या आकड्याच्याही वर उसळतं, आणि हे झटके इतके छोटे असतात की मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला दिसत नाहीत. मधली पायरी ठेवा, तेवढी घसरण गृहीत धरून व्होल्टेज ठरवा. पायऱ्यांचे क्रमांक बोर्डागणिक उलटसुलट असतात. काही कंपन्यांत १ म्हणजे सर्वात कडक, काहींत सर्वात सौम्य. बायोसमधला छोटा आलेख बघूनच निवडा.

डिसेंबरात पास, मे महिन्यात नापास

कूलर चिपला खोलीच्या तापमानापेक्षा ठराविक अंश वर ठेवतो, खोलीच्या खाली नेत नाही. नागपुरात डिसेंबरात २० अंशांच्या खोलीत लोडवर ८२ अंश दिसत असतील, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तोच पीसी १०० ला टेकणार. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिप १०० अंशांवर, रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक ९५ अंशांवर क्लॉक आवरतात. एसी लावून चाचणी घेतली आणि एरवी पंख्याखाली गेम खेळलात, तर त्या चाचणीला अर्थ नाही. दुपारी, कॅबिनेट बंद करून, ग्राफिक्स कार्डावरही लोड टाकून तपासा.

व्हीआरएमही, म्हणजे बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणारा भागही, विसरू नका. वॉटर कूलर लावला की सॉकेटभोवतीची हवा थांबते आणि स्वस्त बोर्डाच्या व्हीआरएममधले मॉसफेट तापतात. मग क्लॉक एकदम कोसळतो, काही क्षणांनी सावरतो, परत कोसळतो.

झटकन बंद पडणे आणि इव्हेंट ४१

निळा स्क्रीन न येता पीसी पडला की इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतो, आणि लोक नवा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) घेऊन येतात. हा इव्हेंट एवढंच सांगतो की विंडोज नीट बंद झालं नाही. कारण त्यात नसतं. ते ओव्हरक्लॉकही असू शकतं, एसएमपीएसही, आणि आपल्याकडे यूपीएससुद्धा. बाजारातला ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. गेमिंगच्या लोडवर वीज एक क्षण गेली तरी तो ट्रिप होतो आणि बोल प्रोसेसरला लागतो. शंका असेल तर पीसी थेट भिंतीवरच्या प्लगला लावून तपासा.

चिपच आजारी असेल तर?

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या बऱ्याच चिप जास्त व्होल्टेजमुळे झिजून अस्थिर होत होत्या. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये इंटेलने त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून येणारा, प्रोसेसरच्या आतला सुधारित कोड) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ग्राफिक्स कार्डात भरपूर मेमरी असूनही गेम 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणून बंद पडणं, ही त्याची ओळखीची खूण. आधी बायोस अपडेट करून पूर्ण स्टॉकवर चालवा. तरीही पडत असेल तर ट्यूनिंग थांबवा आणि वॉरंटीत द्या. मायक्रोकोड पुढचं नुकसान आवरतो, झालेली झीज भरून काढत नाही. रायझन ७०००एक्स३डी असेल, तर २०२३ मध्ये काही चिप जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला (मेमरी कंट्रोलर असलेल्या भागाच्या व्होल्टेजला) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुन्या बायोसवर एक्सपो चालवत बसू नका.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. रिंग रेशो (इंटेल चिपमध्ये कोअर जोडणाऱ्या मार्गाचा वेग), रॅम टायमिंग आणि कोअर क्लॉक एकदमच वाढवलं, तर पडल्यावर दोष कोणाचा ते कळत नाही. बूटच होत नसेल तर सीएमओएस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ स्थितीत आणा. त्याआधी मागचा स्विच बंद करून केबल काढा. आणि जमलेल्या सेटिंगचे आकडे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बायोस अपडेट केला की सेव्ह केलेले प्रोफाइल बऱ्याच बोर्डांवर पुसले जातात. टिकले तरी नव्या बायोसवर जुनं प्रोफाइल लोड करू नका, आकडे हाताने भरा आणि रॅमपासून पुन्हा तपासा.