युद्धाच्या फ्लाइट गेममध्ये पायलटचा आवाज देताय? मग या चुका टाळा

आम्ही नाशिकचे चौघं जण दुसऱ्या महायुद्धाच्या फ्लाइट गेमसाठी व्हॉइस पॅक, म्हणजे पायलटांच्या संवादांची रेकॉर्डिंग, बनवतो, सिडकोतल्या एका खोलीत, भिंतीला गाद्या टेकवून आणि पंखा बंद करून. विमानाचा रंग, पंखावरचे आकडे, गनची जागा सगळं लोक बारकाईने तपासतात, पण कानात बोलणारा माणूस मुळात कुठला हे कोणी बघतच नाही, आणि मला हे मनापासून खटकतं कारण तो आवाज म्हणजे तिथं खरोखर बसलेला कोणीतरी होता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रॉयल एअर फोर्सचा, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाचा, प्रत्येक पायलट एकाच साहेबी इंग्रजीत बोलतो. अहो, १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत १४५ तर पोलिशच होते, शिवाय झेक, न्यूझीलंडचे, कॅनडाचे, आणि ब्रिटिशांमध्ये सुद्धा सार्जंट पायलट भरपूर होते, ते काही सगळे बड्या घरचे नव्हते. आपल्याकडे नाशिकचा, नागपूरचा आणि मालवणचा माणूस एकसारखं मराठी बोलतो का? मग तिथं कसं चालेल. ३०३ स्क्वाड्रन या हवाई तुकडीच्या पोलिश पायलटांना रेडिओवरच्या इंग्रजी ऑर्डर अंगवळणी पडाव्यात म्हणून तीनचाकी सायकलींवर रेडिओ लावून मैदानात फॉर्मेशनमध्ये फिरवलं होतं, वर मीटर सोडून फुटात विचार करायची सवय वेगळीच. म्हणून त्यांच्या ओळी छोट्या ठेवा, ठरलेले इंग्रजी शब्द नीट येऊ द्या आणि शत्रू अंगावर आला की सरळ पोलिश. फक्त तुटकं इंग्रजी म्हणजे हसवायचं इंग्रजी नाही, हे आवाज देणाऱ्याला आधी समजवा.

आपल्या लोकांचं तर अजून वाईट करतात. महिंदरसिंग पुज्जी १९४१ मध्ये ब्रिटनमधून हरिकेन हे लढाऊ विमान उडवत होते, १९४४ मध्ये इंफाळला अर्जन सिंग भारतीय हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनचे कमांडर होते, आणि गेममध्ये भारतीय पायलट आला की मान डोलावल्यासारखा एकच नकली ॲक्सेंट. तसं करू नका, साधं, स्पष्ट, थोडं पंजाबी वळणाचं इंग्रजी पुरेसं आहे.

दुसरी चूक शब्दांची. १९४० चा माणूस रेडिओवर ए, बी अशी अक्षरं सांगताना अल्फा, ब्राव्हो म्हणत नाही, ती यादी १९५६ ची. १९४३ च्या अमेरिकन पायलटला एबल, बेकर, चार्ली, डॉग द्या. ब्रिटिश कंट्रोलर उंची सांगताना एंजल्स वन फाइव्ह म्हणेल म्हणजे १५,००० फूट, दिशा देताना व्हेक्टर वन एट झिरो, एकेक आकडा सुटा. आमचा एक जण दर वेळी वन एटी म्हणायचा, शेवटी स्क्रिप्टमध्येच आकडे सुटे लिहिले तेव्हा कुठे जमलं. जर्मन पायलट हल्ल्याला पाउके पाउके म्हणतो, विमान पाडलं की होरिडो, आणि समजलं म्हणायला व्हिक्टर. या ओळी इंग्रजीतून भाषांतर करून जर्मनमध्ये घालू नका, लगेच कळतं.

आता आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतोय? बहुतेक इफेक्ट जास्त झालाय. साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे जाड आणि ३,००० च्या वरचे बारीक सूर कापा, थोडं कॉम्प्रेशन (हळू आणि मोठा आवाज एका पातळीला आणणं), आणि खरखर बेताची, शब्द बुडला तर काय उपयोग. जर्मन आणि रशियन पायलट बऱ्याचदा गळ्याला लावायचा माइक वापरायचे, त्यात स, श, फ बोथट होतात, ते वेगळं करा. दोघं एकाच वेळी बोलले तर दोन्ही आवाज स्वच्छ ऐकू येणं चुकीचं, त्या रेडिओवर शिट्टीसारखा आवाज येऊन दोघांचंही बोलणं जातं. आणि तीव्र वळणात माणूस लांबलचक वाक्य बोलतच नाही, श्वास अडकतो, शब्द दाबून येतो, त्यामुळे टेक घेताना पोट आवळून बोलायला लावा, फरक लगेच ऐकू येतो.

मागचा आवाज पण तपासा. एकदा आम्ही ओझरला मित्राच्या घरी रेकॉर्डिंग केलं, वरून सुखोई गेलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि स्पिटफायर या पंख्याच्या लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये मागे जेट घोंघावतंय असा टेक तयार झाला. पूर्ण संध्याकाळ परत करावी लागली.

१९४१ चं रशियन मिशन असेल तर उलट करा, बोलणंच कमी करा. तेव्हा बऱ्याच रशियन फायटरमध्ये ट्रान्समीटर फक्त लीडरकडे असायचा, बाकीचे पंख हलवून किंवा हाताने खुणा करायचे. तिथं प्रत्येक विंगमनला, म्हणजे लीडरच्या सोबत उडणाऱ्याला, डायलॉग दिला की सगळं खोटं झालं.

आणि जी भाषा तुमच्यात कोणालाच येत नाही ती देवनागरीत लिहून वाचून काढू नका. आम्ही पोलिश ओळी तशाच रेकॉर्ड केल्या होत्या, चांगल्या अकरा ओळी, ऐकल्या आणि पुसून टाकल्या. पोलिश बोलणारं कोणी मिळेपर्यंत त्या जागी आम्ही नुसती रेडिओची खरखर ठेवलीये.