गोठ्यातला टीबी आणि घरातला टीबी: नातं लावायचं कसं

गाईचा टीबी माणसाला होतो, माणसाचाही गाईला होऊ शकतो. पण या दावणीतला जंतू आणि याच घरातल्या माणसाचा जंतू एकच आहे का, हे छातीठोकपणे सांगायचं तर जनुकं वाचावी लागतात. नाशिकहून सिन्नर-निफाडकडे नमुने आणायला निघालेल्या नव्या मुलामुलींना मी सांगते: सुई नंतर काढा, आधी वही काढा.

वहीत काय लिहायचं? गाईच्या कानातल्या बिल्ल्यावरचे १२ आकडे. ती घरची पैदास की बाजारातून आणलेली. धार कोण काढतं, कच्चं दूध कोण पितं, घरात जुना खोकला किंवा मानेला गाठ कुणाला आहे. पहिल्या वर्षी मी नळ्यांवर साध्या पेनाने नावं लिहिली. बर्फ वितळला आणि पंचवटीत पोचेपर्यंत ११ नळ्या कोऱ्या! कपिलेचं दूध कुठलं, शेजारच्या जर्सीचं कुठलं, काही कळेना. सगळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेवर जंतू मारायच्या यंत्रात, घालून फेकाव्या लागल्या. तेव्हापासून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी नळीवर चिकटवते आणि तशीच दुसरी बाहेरच्या पिशवीत टाकते.

माणसांचे नमुने नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय आणि त्या माणसाच्या संमतीशिवाय घ्यायचे नाहीत. आणि ओट्यावर उभं राहून मोठ्याने ‘टीबी’ म्हणू नका. एक आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, गावात बोलू नका हं, डेअरीवाला दूध घ्यायचा बंद होईल." त्यांचं काय चुकलं?

गाईची त्वचा-चाचणी पशुवैद्यकच करतात, पण तुम्ही नीट बघा. मानेवरचे केस दोन ठिकाणी भादरतात, कातडीची घडी कॅलिपरने मोजतात, मग एका जागी पक्ष्यांच्या टीबी-जंतूचं ट्युबरक्युलिन (जंतूच्या प्रथिनांचा अर्क) आणि दुसऱ्या जागी गाईच्या जंतूचं, प्रत्येकी ०.१ मिली, कातडीतच. ७२ तासांनी पुन्हा मोजायचं. गाईच्या जंतूची सूज दुसरीपेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त असेल तर गाय पॉझिटिव्ह. दोन टोचण्या कशाला, असं प्रत्येक मालक विचारतो. जॉन्स रोगाचे (गुरांच्या आतड्यांचा आजार) किंवा मातीतले निरुपद्रवी जंतूही सूज आणतात, ते वजा करायला.

पॉझिटिव्ह गाईच्या दुधातून जंतू मिळेलच असं नाही, दरवेळी ते उतरत नाहीत. खरा ऐवज घशाजवळच्या आणि छातीतल्या लसिकाग्रंथींत असतो. आपल्याकडे गोवंश कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे जनावर आपसूक मेल्यावर होणाऱ्या शवविच्छेदनाची वाट बघावी लागते. ग्रंथी कापताना सुरी करकरली आणि आत पिवळसर, पनीरसारखं काही दिसलं, तर तो तुकडा उचला. एन-९५ मास्क लावूनच, हे सांगायला नको, तरी सांगते.

माणसांत फक्त थुंकीवर भागवू नका. दुधातून आलेला टीबी बऱ्याचदा मानेच्या गाठीत किंवा पोटात बसतो. सीबीनॅट या झटपट जनुकीय चाचणीचा पॉझिटिव्ह रिपोर्ट हा टीबीच्या जंतूंच्या अख्ख्या कुटुंबाचा असतो, त्यातला भाऊ कुठला ते तो सांगत नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. ग्लिसरीन घातलेल्या नेहमीच्या लोवेनस्टाइन-जेन्सन या जंतू वाढवायच्या माध्यमावर माणसाचा जंतू झोकात वाढतो, गाईचा जंतू (मायकोबॅक्टेरियम बोव्हिस) कुढतो. पायरुव्हेट घातलेल्या बाटल्या सोबत लावल्या नाहीत, तर तुम्हीच बोव्हिसला गाळून टाकता आणि वर ‘सापडला नाही’ असं लिहिता. ६ ते ८ आठवडे धीर धरा. हे काम बीएसएल-३, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या प्रयोगशाळेतच.

वाढ आली की पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा आहे का ते बघणं. आरडी-९ हा तुकडा शाबूत असेल तर मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस, म्हणजे माणसाचा. तो नसेल तर आरडी-४ बघा: तोही गळालेला असेल तर बोव्हिस. ९ नाही पण ४ आहे? तिथे ‘अनिश्चित’ लिहून फाइल बंद करू नका, तो त्याच कुटुंबातला आणखी एक भाऊ, ओरिजिस, असू शकतो. वेल्लोरच्या रुग्णांच्या ९४० नमुन्यांवरचं काम २०२० साली प्रसिद्ध झालं, त्यात ओरिजिस ७ निघाले. बीसीजी लसीचा जंतू (बोव्हिसचाच दुबळा केलेला प्रकार) ५ नमुन्यांत होता, तो सोडला तर बोव्हिस एकही नाही. म्हणून बाळाच्या गाठीत ‘बोव्हिस’ दिसला की आरडी-१ तपासा. तो नसेल तर ती लसच आहे, बिचाऱ्या गाईला दोष नको. प्रजातीचं नाव डॉक्टरांनाही लगेच कळवा, कारण टीबीचं नेहमीचं औषध पायराझिनामाइड बोव्हिसवर मुळातच चालत नाही.

पुढे स्पोलिगोटायपिंग. डीएनएच्या ४३ ठरलेल्या तुकड्यांपैकी कुठले आहेत, कुठले गळाले, याचा ठसा. बोव्हिसमध्ये ३९ ते ४३ नसतात. पण ठसा जुळला म्हणजे नातं लागलं असं नाही, एकाच ठशाचे जंतू दूरदूरच्या गावांत मिळतात. तिथे पूर्ण जनुकसंच वाचावा लागतो. जवळपास ४४ लाख अक्षरांत ५ किंवा कमी फरक असतील तर संसर्ग अलीकडचा मानतात, १२ च्या पुढे तो बहुधा नाही. यातही कुणाकडून कुणाला, हे अक्षरं बोलत नाहीत. गाय कधी आणली, खोकला कधी सुरू झाला, ते वहीत बघा.

निकाल सांगायला त्या आजींकडे गेले, तर त्यांचा प्रश्न एकच: "मग दूध प्यायचं का नाही?" प्या म्हटलं, चांगलं उकळून. खरवस उकडलेला खा, पण चीक कच्चा चाखू नका, आणि धार काढताना बोटावर घेतलेला फेस नातवाला चाटवू नका.