जवसाचा ब्रेड, वीट न होऊ देता

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी जवसाच्या चटणीची बरणी रिकामी झाली की सासूबाईंना घास उतरत नाही. तेव्हा ब्रेडमध्ये चांगलं स्निग्ध घालायचं ठरवल्यावर मला आधी जवसच आठवला. पहिल्या खेपेला अर्धा किलो पिठात जवसाचं तेल वाटीभर, तेही सुरुवातीलाच ओतलं. गोळा फाटत राहिला, फुगला नाही, आणि भाजताना घरभर ऑइलपेंटचा वास. सासूबाई म्हणाल्या, "विटा कधीपासून भाजायला लागलीस?"

पिठाला आधीच तेल माखलं की ग्लुटेनची, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाची, जाळी नीट विणली जात नाही. मग यीस्टचा वायू कोंडणार कशात? म्हणून तेल शेवटी, आणि थोडंच.

आता मी ३०० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम कणिक घेते. इतवारीतून आणलेले ४० ग्रॅम जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजायचे, गार झाले की मिक्सरमधून काढायचे आणि १०० मिली पाण्यात अर्धा तास भिजवायचे. हे पाणी मळायच्या पाण्यात मोजू नका, वेगळंच धरा. जवस पाणी ओढतो. न भिजवता घातला तर पिठातलं पाणी पिऊन ब्रेड कोरडा करतो. पूड आदल्या आठवड्याची नको. त्यातलं ओमेगा-३ हे स्निग्ध हवेनं लवकर खवट होतं.

पिठात ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १५ ग्रॅम गूळ, ९ ग्रॅम मीठ, भिजवलेला जवस आणि साधारण २८० मिली पाणी घालून दहा मिनिटं मळा. गोळा ताणला की पापुद्रा दिसू लागतो, तेव्हा २५ ग्रॅम शेंगदाण्याचं तेल दोन-तीनदा थोडं थोडं घाला. आधी बुळबुळीत होईल, घाबरू नका, मळत राहा. मग गोळा झाकून दुप्पट होऊ द्या.

मे महिन्यात नागपुरात बर्फाचं पाणीच घ्यायचं. पंचेचाळीस अंशांत गोळा पाऊण तासात दुप्पट होतो, चव मात्र येत नाही. डिसेंबरात दोन तास लागले तरी थांबा.

दोन छोट्या टिनांत घालून पुन्हा फुगू द्या, १९० अंशांवर तीसेक मिनिटं भाजा. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. आमच्याकडे हाच नियम रोज मोडतो. उरलेला फ्रीजमध्ये ठेवू नका, तिथं तो लवकर शिळा होतो. कापून फ्रीझरमध्ये टाका, काप थेट तव्यावर शेका. सासूबाई त्यावर चटणीच लावतात, जवसाची.