रेंज एक काडी असेल तर फोन कानाला लावू नका

गावात मोबाइल टॉवर उभा राहायचा म्हटलं की लहरींच्या भीतीने ग्रामसभेत विरोध होतो. विरोध करणारेच नंदुरबारमधल्या अक्राणीच्या डोंगरात एका काडीच्या रेंजवर अर्धा अर्धा तास फोन कानाला चिकटवून बोलतात. शरीरात जाणाऱ्या लहरींचा हिशेब मांडला तर हे उलटं आहे. टॉवर जवळ असला की फोन आपली ताकद शेकडो पटींनी उतरवतो. तो लांब असला, मध्ये डोंगर आला, की फोन पूर्ण जोर लावतो. 4जी फोनचा हा जोर जास्तीत जास्त 200 मिलिवॅटच्या आसपास असतो, आणि तो कानाशीच असतो.

या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतले रेणू तोडत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे थोडी उष्णता. 2011 मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मात्र मोबाइल आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध आढळला नाही. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. तरी पुढची काळजी फुकटात होते, मग का सोडायची?

आधी रेंज आकड्यात बघा, काड्यांवर जाऊ नका. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंग्थ दिसते. 4जीवर वजा 90 च्या आसपास चांगली, वजा 110 च्या खाली वाईट. दहाचा फरक म्हणजे सिग्नलच्या ताकदीत दहापट फरक, त्यामुळे वजा 90 आणि वजा 110 यांत शंभरपटीचं अंतर आहे. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंती किंवा पत्र्याचं शेड यांत आकडा सहज घसरतो. ओट्यावर या, पुन्हा बघा. वाढला तर तिथेच बोला. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, फोनला लांबच्या टॉवरशी झगडावं लागत नाही.

रेंज सुधारणारच नसेल तर स्पीकर किंवा इअरफोन वापरा. डोक्यापासून वीत-दीड वीत लांब धरलेल्या फोनची फारच थोडी ऊर्जा डोक्यात जाते. धावत्या एसटीत फोन सारखा टॉवर बदलतो आणि जोर वाढवत राहतो, तिथे मेसेज बरा.

फोनवर *#07# दाबलं की एसएआरचा, म्हणजे शरीर फोनची किती ऊर्जा शोषतं त्याचा, आकडा येतो. भारतात मर्यादा 1.6 वॅट प्रतिकिलो आहे. हा आकडा पूर्ण जोरावर मोजलेला असतो, म्हणून 0.8 चा फोन 1.2 च्या फोनपेक्षा रोजच्या वापरात कमीच ऊर्जा देईल असं नाही.

बाजारात मिळणारे ‘रेडिएशन रोखणारे’ स्टिकर आणि धातूचे कव्हर घेऊ नका. अँटेना झाकली गेली की फोन जोर आणखी वाढवतो, बॅटरीही लवकर उतरते. अँटेना बहुधा फोनच्या खालच्या-वरच्या कडांना असते, तिथे बोटं आवळून धरली तरी थोडंफार तेच होतं.

पेसमेकर असेल तर फोन त्यापासून किमान 15 सेंटिमीटर लांब ठेवा, बंडीच्या छातीवरच्या खिशात नको. रात्री उशाखाली चार्जिंगला लावलेला फोन लहरींपेक्षा तापण्यामुळे धोक्याचा असतो, आणि जळगावच्या मे महिन्यात तर जास्तच.

टॉवरची शंका असेल तर अँटेना कुठे तोंड करून आहे ते पाहा. झोत समोर आडवा जातो, थेट खाली तो क्षीण असतो. 1 सप्टेंबर 2012 पासून भारतातली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे: 900 मेगाहर्ट्झच्या लहरींना 0.45 वॅट प्रतिचौरस मीटर. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर दिसतात, आणि शुल्क भरून मोजणीचा अर्जही तिथेच करता येतो.